'समेट किती?' हा प्रश्न आधी बदला : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदया,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या एका गावी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशक म्हणून काम करते. बाई येते तेव्हा सोबत बहुधा आई किंवा भाऊ असतो आणि आधी तेच बोलतात : "मॅडम, त्याला बोलावून चार शब्द सुनवा. पोरगी नांदली पाहिजे." बाई खाली बघत बसलेली असते. सोबतच्यांना बाहेर बसवून तिला विचारलं, 'तुला काय हवंय?', तर पहिल्या दिवशी उत्तर येतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत येतं. कुणाला नवरा सोडायचा नसतो, फक्त मार थांबायला हवा असतो. कुणाला त्याच घरात, पण निर्धास्त राहायचं असतं. कुणाला सासरी अडकलेली मुलं आणि कागदपत्रं हवी असतात.

महिनाअखेरीस मात्र वरून एकच विचारणा होते, समेट किती झाले? मागे एका प्रकरणात बैठक झाली, नवऱ्याने स्टॅम्पपेपरवर हमी लिहून दिली, फाइल बंद झाली. सात आठवड्यांनी ती हाताला प्लास्टर घालून परत आली. मधल्या काळात तिच्या घरी कुणी गेलं नव्हतं. मीही नाही. ते मला अजून झोपू देत नाही.

कायद्याला हे अपेक्षित नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणाऱ्या २००५च्या कायद्याखालच्या २००६च्या नियमांतला नियम १४ पाहा. समुपदेशनात मारहाणीचं समर्थन करायला प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, मुभाच नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं आहे. तडजोडीचा प्रयत्न करायचा तोही बाईची इच्छा असेल तरच. आमच्या बैठकांत मात्र 'तीही उलट बोलते' इथूनच सुरुवात होते.

वाट दाखवणारं काम याच राज्यात झालं आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण बाईच्या बाजूने बसणारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती, ही त्यामागची कल्पना. आपल्याच विभागाने ती पुढे राज्यभर नेली.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के कुणाकडे तरी मदत मागतात. इतक्या कमी जणी उंबरठा ओलांडतात, आणि त्यांनाच आपण समजूत घालून परत पाठवतो.

म्हणून मागणी. समेटाची मोजणी बंद करा. त्याऐवजी तीन आणि सहा महिन्यांनी ती सुरक्षित आहे का, हे गृहभेट देऊन नोंदवायला सांगा आणि त्या भेटींचा प्रवासखर्च मंजूर करा. बाईला तक्रार नोंदवायला आणि न्यायालयात अर्ज करायला मदत करण्यासाठी याच कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसरा कार्यभार नको. आमच्या भागातल्या अधिकाऱ्यांना कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे बाईवरच्या हिंसेची अधिकृत नोंद, भरायलाही सवड मिळत नाही.

प्लास्टर निघालेली ती बाई आता न्यायालयात अर्ज करायला तयार आहे. संरक्षण अधिकाऱ्यांची वेळ अजून मिळालेली नाही.

आपली,
एक समुपदेशक