चंद्रावरचा खडक आणि आमची संघटना

अंधेरी, मुंबई

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बोगद्यांचं काम सोडून चंद्राच्या मागे कुठं लागलीस?" धावपळीत नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काम सोडलेलं नाही. रोज कोअर बॉक्स, म्हणजे भोक पाडून काढलेल्या खडकाच्या कांड्यांच्या पेट्या, उघडून मुंबईच्या पोटातला बेसाल्ट, टोकदार तुकडे एकत्र घट्ट होऊन बनलेला ब्रेशिया, मध्येच येणारा रेड बोलचा, म्हणजे लाव्हाच्या थरांमधल्या मातकट थराचा, लाल पट्टा, हे सगळं नोंदवणं चालूच आहे. फक्त आमच्या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेत ग्रहांचं भूशास्त्र आणि अंतराळातली साधनसंपत्ती यांसाठी एक वेगळा गट असावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर निर्णय होईल.

चांद्रयान म्हटलं की लोकांना रॉकेट दिसतं. पण उतरल्यावर यानाच्या पायाखाली असतो तो खडकच. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम उतरला, त्यानंतर त्यातून निघालेल्या प्रज्ञान या फिरत्या गाडीनं तिथल्या मातीत गंधक शोधलं. त्या मातीची घडण अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट खडकाशी जुळणारी निघाली. चंद्र एके काळी वितळलेला होता आणि हलकी खनिजं तरंगत वर आली, या मताला त्यानं बळ मिळालं. चांद्रयान-२ च्या वेळी चाचण्यांसाठी चंद्रासारखी माती हवी होती, तेव्हा तमिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडी भागातला हाच खडक आणून दळला होता. कुठला दगड कुठं सापडेल, हे जाणणारी माणसं आपल्याकडे होती म्हणून ते जमलं. आणि चंद्रावर चाललेल्या बारा जणांमध्ये पेशानं भूशास्त्रज्ञ एकच होता, हॅरिसन श्मिट, तोही डिसेंबर १९७२ च्या शेवटच्या अपोलो मोहिमेत! त्याला तिथं नारिंगी माती दिसली. ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी होते ते.

आता साधनसंपत्तीचं. चंद्राच्या मातीत वजनानं चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आहे, पण तो खनिजांत घट्ट बांधलेला. ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. तो काढता आला तर पिण्याचं पाणी मिळेल, आणि पाणी फोडून ऑक्सिजन व हायड्रोजन, म्हणजे रॉकेटचं इंधनही. पण बर्फ किती, किती खोल, मातीत मिसळलेला की थरांत साचलेला, हे भोक पाडून अजून कुणी पाहिलेलं नाही. तरी लोक आत्ताच त्याचा हिशेब मांडायला लागलेत. मला काळजी वाटते ती याची. १९९७ साली इंडोनेशियातल्या बुसांगचा सोन्याचा प्रचंड साठा निव्वळ बनाव निघाला, नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं. त्यानंतर कॅनडानं नियमच केला की साठ्याच्या आकड्यामागे जबाबदार, पात्र व्यावसायिक हवा. चंद्राच्या बाबतीतही उद्या कुणीतरी आकडा सांगेल आणि लोक पैसे घालतील. त्या आकड्याची शहानिशा कशी करायची, हे आमच्यासारख्या संघटनेनं आजपासून शिकायला हवं.

आई, तू पलीकडून विचारलंस ना, "तिथं खणायला परवानगी कुणाची?" बैठकीत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. पण खणून काढलेल्या मालाचं काय, यावर एकमत नाही. अमेरिकेनं २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गनं २०१७ मध्ये तो माल काढणाऱ्याचा, असे कायदे केले. जून २०२३ मध्ये भारतानं, चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेनं पुढं आणलेल्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यातही असं खणणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे, अशीच भूमिका आहे. हे सगळं वकिलांवर सोडून चालणार नाही.

एका ज्येष्ठ सदस्यांनी इर्शाळवाडीची आठवण काढली. दरडी कोसळताहेत, विहिरी आटताहेत, त्यात हे कशाला? त्यांचं दुःख खरं आहे, आणि तो विषय आमच्या कामात कायम पहिलाच राहील. पण भूशास्त्राकडे मुलं वळली नाहीत तर दरडी तपासायलाही उद्या माणसं उरणार नाहीत. ज्या मुलीला मंगळ बघून खडक वाचायची ओढ लागेल, तीच पुढं आपल्या डोंगराचा उतारही वाचेल. मला हे मनापासून वाटतं.

आणि बाबा, यात तुमचं लोणार आहे. बेसाल्टमध्ये उल्काघातानं झालेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी, आणि चंद्रावरची काळी मैदानं व मंगळाचा बराच भाग बेसाल्टचाच. मुंबईतला ब्रेशिया ज्वालामुखीचा, लोणारचा आघाताचा. हातात घेतले तर नवखा माणूस फसेल. पण पातळ काप करून सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवकांमध्ये, म्हणजे प्रकाशाला एकाच दिशेनं कंपू देणाऱ्या दोन चकत्यांमध्ये, ठेवायचा आणि काप ठेवलेला मंच फिरवायचा. फेल्डस्पार या खनिजाचा कण एरवी उजळतो, मावळतो. लोणारचे काही कण मात्र कितीही फिरवा, काळेच राहतात, कारण धक्क्यानं त्यांची काच झालेली असते. चंद्रावरून आणलेल्या दगडांतही हेच दिसतं. वर्गात तुम्ही विवराचं वय पन्नास हजार वर्षं सांगायचात. नंतर खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून वय काढायच्या पद्धतीनं ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. वाद अजून मिटलेला नाही.

प्रस्ताव मंजूर झाला तर पहिली सहल हिवाळ्यात लोणारलाच नेणार. अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी मी इथून काढते. तिथं हातोडी चालवायची नाही, हे सगळ्यांना आधीच बजावलंय. तुमच्या जुन्या शाळेतली आठवी-नववीची मुलंही एक दिवस बरोबर असावीत, असं फार वाटतं. मेहकरहून त्यांना न्यायला गाडी आणि दुपारच्या जेवणाची सोय कशी करता येईल, हे मुख्याध्यापकांशी बोलून कळवाल का? विवरात उतरायची वाट सांगायला तुमच्यासारखा माणूस नाही, पण गुडघा दुखत असेल तर काठावर बसूनच मुलांशी बोला. आई, तूही ये.

तुमची,
मनू