शर्यतीतला उलटा गिअर रस्त्यावर कशाला?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मोटारसायकल शर्यतींवरच्या लेखात ‘शर्यतपटू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच क्लच दाबून गिअर बदलतात’ असे विधान आहे आणि त्यांच्या गिअरची मांडणी उलटी (पहिला वर, बाकीचे खाली) असल्यामुळे गाडी अधिक वेग घेते, असेही सुचवले आहे. दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. पहिल्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही. दुसरीने मात्र बिघडते, म्हणून लालबागला बरीच वर्षे दुचाकींचे गॅरेज चालवणारा माणूस या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सर्व गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतून फिरत असतात. पायाने गिअरची लिव्हर हलवली की एखादा गिअर आपल्या शाफ्टवर बाजूला सरकतो आणि त्याच्या अंगचे जाड दात, ज्यांना आम्ही डॉग म्हणतो, शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. इंजिनाची ओढ चालू असेपर्यंत हे डॉग सहजी सुटत नाहीत. ती ओढ क्षणभर सैल करावी म्हणूनच आपण क्लच दाबतो. शर्यतीच्या गाडीत हे काम क्विकशिफ्टर करतो. लिव्हरच्या दांडीवरील सेन्सरला पायाचा दाब कळताच इंजिनाची ठिणगी सेकंदाच्या काही शतांश भागापुरती तोडली जाते, डॉग मोकळे होतात आणि अॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असतानाच पुढचा गिअर पडतो. क्लच लागतो तो मुख्यतः शर्यत सुटताना. होंडाने मोटोजीपी या जागतिक शर्यत-मालिकेत 2011 पासून वापरलेल्या ‘सीमलेस’ गिअरबॉक्समध्ये तर आधीचा गिअर सुटण्यापूर्वीच पुढचा धरला जातो, त्यामुळे वळणात कललेल्या गाडीच्या मागच्या चाकाला हिसका बसत नाही. माझ्या मते वाचलेल्या वेळेपेक्षा या स्थिरतेचे मोल अधिक आहे.

आता उलट्या गिअरविषयी. आपल्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात. शर्यतीत बरेच जण पहिला वर आणि बाकीचे खाली ठेवतात. याचे कारण डाव्या वळणात आहे. गाडी डावीकडे साठ अंशांच्या आसपास कलली की लिव्हर आणि डांबर यांच्यामध्ये बुटाचे टोक घालायला जागाच उरत नाही, पण वरून दाबता मात्र येते. जर्मनीतील साक्सनरिंग या शर्यतीच्या ट्रॅकच्या 13 वळणांपैकी 10 डावीकडची आहेत. तिथे वळणातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी लिव्हरखाली पाय घालायचा म्हटले तर काय होईल, याची कल्पना करावी. गाडीचा वेग मात्र या अदलाबदलीने तसूभरही वाढत नाही. (गंमत म्हणजे, जुन्या बुलेटचा गिअरही पहिला वर आणि बाकीचे खाली असाच होता, फक्त उजव्या पायाला. त्या बुलेटवरून फिरणाऱ्या आपल्या काका-मामांना कोणी शर्यतपटू समजले नाही!)

मुंबईत मात्र ‘रेसिंग शिफ्ट करून द्या’ म्हणत कॉलेजची मुले येतात. काही गाड्यांत लिव्हरच्या दांडीला जोडलेला आर्म फिरवून बसवला की काम होते, त्यामुळे कोणीही ते चटकन करून देतो. शीव ते कुर्ला या गर्दीत गाडी किती अंशांत कलते, हा प्रश्न मी त्यांना विचारतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका गाडीवर मालकाचा धाकटा भाऊ बसला. विक्रोळीच्या पुढे हायवेवर सवयीप्रमाणे गिअर वाढवायला त्याने लिव्हर वर उचलली, त्याबरोबर गिअर उतरला, ओल्या रस्त्यावर मागचे चाक जागीच धरले आणि गाडी आडवी झाली. खांद्याचे हाड मोडण्यावर निभावले. ज्याने ती लिव्हर उलटी करून दिली होती, त्याने टाकीवर साधी चिठ्ठीही चिकटवली नव्हती.

तेव्हा पुढील पुरवणीत ही दुरुस्ती छापावी आणि शक्य झाल्यास लिव्हरच्या दोन्ही मांडण्यांचे चित्रही द्यावे, ही विनंती. ते कात्रण मी गॅरेजच्या भिंतीवर लावीन.

आपला नम्र,
एक गॅरेजचालक, लालबाग, मुंबई