त्या खोलीची खिडकी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जरा जास्तच बोलले. इंग्लंडमधल्या लीड्सचं घर तू स्वतःच्या पगारावर घेतलंस, भिंतीवरचे कागदाचे थर एकटीने खरवडलेस, मागे बुजवलेली कोळशाची शेगडी निघाली म्हणून हौसेने फोटो पाठवलास. आधी कौतुक करायला हवं होतं. ते राहून गेलं. खरंच अभिमान वाटतो गं तुझा. तळघरात सापडलेल्या, तू पेटवायचा म्हणतेस त्या रॉकेलच्या हीटरबद्दल मात्र या पत्रात चकार शब्द काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

फोटोतला हीटर बघताक्षणी ओळखला. आजीच्या जिन्याखाली असाच होता. तिकडे पॅराफिन म्हणायचे, पण आपलं रॉकेलच ते. ॲलॅडिन पिंक नावाचं मिळायचं ते गुलाबी, एसो ब्लू नावाचं निळं. आणायचं ते गॅलनाच्या, म्हणजे साडेचार लिटरच्या हिशेबाने. आत नळीसारखी गोल वात. ती पेटवून ज्योतीचं निळं, सारखं कडं होईपर्यंत खालीवर करायची. एका बाजूने पिवळी जीभ निघाली की वातीवर कोळशी धरली असं समजायचं. मग विझवून, पूर्ण गार झाल्यावर ती पुसून काढायची. कंटाळा करून तसाच चालू ठेवला की पडद्यांवर काजळी. पेटता असताना त्यात तेल ओतायचं नाही आणि पेटता उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचा नाही, हे नाना रोज बजावायचे. खोलीतला दिवा मालवला की वरच्या जाळीतून छतावर पाकळ्यांचं मोठं फूल उमटायचं. तुला ते हवंय, हे मला कळतं.

पण एक लिटर रॉकेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. काचांवरून ओघळ यायचे आणि थंडीत पहाटे काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नेच्याच्या पानांसारखी नक्षी धरायची. 1962-63च्या हिवाळ्यात तर ती दिवसदिवस विरघळत नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. तरीही निभावलं, कारण घरच हवा खेळणारं होतं. खिडक्यांना फटी, दाराखालून वारा, धुराडं कायम उघडं. आजी वर्तमानपत्राच्या घड्या करून फटींत कोंबायची, आणि नाना झोपण्याआधी त्यातली एक मुकाट्याने काढून टाकायचे. तुझ्या खिडक्या नव्या, दुहेरी काचेच्या, वारा शिरायला जागा नाही. हीटर तोच आहे, घर ते राहिलेलं नाही. आणि तो पेटवशील त्याच खोलीत छोटीचा पाळणा.

बघ, लिहायचं नाही म्हणत लिहिलंच. माफ कर.

शेगडीचं मात्र मनापासून सांगते, ती पेटवायची एक रीत होती. सकाळी राख गाळून अर्धवट जळलेले कोळसे बाजूला काढायचे, ते पुन्हा चालतात. वर्तमानपत्राचे कागद पिळून त्यांच्या गाठी मारायच्या, त्यावर सहा-सात बारीक काटक्या आडव्याउभ्या, वर अंड्याएवढे कोळसे, आणि काडी खालून लावायची. धुराडं गार असेल तर धूर उलटा खोलीत येतो, म्हणून आधी एक पेटता कागद वर धरून ते गरम करायचं. मग तोंडाशी फावडं उभं करून त्यावर मोठा कागद पसरायचा. हवा फक्त खालून ओढली जाते, आगगाडीसारखा आवाज होतो, आणि कागदाच्या मधोमध तपकिरी डाग पडायला लागतो. तो दिसला की कागद तत्काळ काढायचा. क्षणभर उशीर झाला तर जळता कागद वर खेचला जातो आणि आतल्या काजळीला आग लागते. हा कागदाचा प्रकार तू अजिबात करू नकोस. बाकी सगळं कर.

कोळसा पोत्याने यायचा, एक पोतं 112 पौंडांचं, म्हणजे एक्कावन्न किलोच्या आसपास. फुटपाथवरच्या लोखंडी झाकणातून तो थेट तळघरात ओतला जायचा. आजी रिकामी पोती मोजून मगच पैसे द्यायची. अन्नधान्याचं रेशन जुलै 1954मध्ये संपलं, कोळशाचं 1958पर्यंत चाललं, त्यामुळे एकेका पोत्याचा हिशेब असायचा. लंडनच्या डिसेंबर 1952च्या त्या कोळशाच्या धुराने काळ्या झालेल्या धुक्यानंतर 1956ला स्वच्छ हवेचा कायदा आला. आता 2023पासून इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी तो जुना कोळसा विकायलाच बंदी आहे. तेव्हा कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नकोस, धूर न होणारं इंधन विचार. आणि काहीही पेटवण्याआधी धुराडं साफ करून, धूर सोडून तपासून घे. बंद धुराड्यात पक्षी घरटी करतात, विटांमधला चुना झडतो आणि धूर वरच्या खोलीत झिरपतो.

गॅसच्या मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकायचं, हे तुला खेळ वाटतं. पैसे संपले की ज्योत विझायची. तोटी चालू राहिली आणि कोणी पुढचं शिलिंग टाकलं की न पेटलेला गॅस खोलीभर. तेव्हाचा गॅस कोळशापासून केलेला, त्यातच कार्बन मोनॉक्साइड असायचा. समुद्रातला नैसर्गिक वायू 1967 ते 1977च्या दरम्यान घरोघर आला, तेव्हा ती धास्ती गेली. पण कुठलीही ज्योत हवेवाचून कोंडली की तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं म्हणून माणूस दुर्लक्ष करतो.

आमच्या शाळेत मिळायचं त्या दुधाबद्दल विचारलं होतंस. पाव नव्हे, एक तृतीयांश पिंटाची, म्हणजे जेमतेम 190 मिलिलिटरची बाटली. थंडीत दूध गोठून साय पत्र्याच्या झाकणाला वर उचलायची, मग बाटल्या गरम नळ्यांजवळ ठेवायचे आणि कोमट, बेचव दूध प्यायला लागायचं. आणखी काही नाही त्यात.

धुराडं साफ करणारा माणूस कधी येतोय ते कळव. हीटरची टाकी रिकामी कर, वात काढून टाक, पत्रा पुसून घे. मग आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेव आणि खोलीत अंधार कर. छोटीला छतावर फूल दिसेल.

तुझी,
आई

ता. क. कार्बन मोनॉक्साइडचा गजर वेगळा असतो, धुराचा वेगळा. पहिला शेगडीच्याच खोलीत, तिच्यापासून एक ते तीन मीटरवर लाव, पडद्यामागे नको. बटण दाबून वाजतो का बघ आणि मला फोनवर ऐकव.