अस्तित्ववाद वाचताना होणारी गल्लत

महोदय,

नोकरी गेली, परीक्षा हुकली, लग्न मोडले की 'अस्तित्ववाद वाचा, धीर येईल' असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट. माणूस स्वतःच स्वतःला घडवतो, हे या विचारधारेतल्या फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रचे सूत्र ताज्या जखमेवर ठेवले की वाचणारा त्यातून एवढेच घेतो: म्हणजे हेही माझ्यामुळेच झाले! आधाराला गेलेला माणूस आणखी खचून परततो तो यामुळे.

सार्त्र जे घडून गेले ते आणि आपण त्याला देतो तो अर्थ, यांत फरक करतो. जन्म, शरीर, भूतकाळ, इतरांचे निर्णय हे पहिल्यात मोडते. ते बदलता येत नाही. 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसला दिलेल्या व्याख्यानात त्याने युद्धकैदेत भेटलेल्या एका जेझुइटाची (त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघातल्या माणसाची) हकिकत सांगितली. लहानपणीच वडील गेले, घरी गरिबी, शाळेत दयेवर शिकतोय ही बोच, 18 व्या वर्षाच्या सुमारास प्रेमभंग, 22 व्या वर्षी लष्करी परीक्षेत नापास. ऐहिक यश आपल्यासाठी नाही, असा संकेत त्याने यातून काढला आणि धर्मसंघात गेला. सार्त्र म्हणतो, याच अपयशांवरून तो सुतार किंवा क्रांतिकारकही होऊ शकला असता. संकेताचा अर्थ त्यानेच लावला होता.

हे स्वतःपुरते करून पाहायचे तर कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे परक्या माणसालाही मान्य होईल तेवढेच लिहा: 'मुलाखत दिली, निवड झाली नाही.' उजवीकडे आपला निष्कर्ष: 'मी नालायक आहे.' चूक होते ती उजवीकडचे वाक्य डावीकडे लिहिण्यात. दगड जसा दगड असतो तसा 'मी अमुकच आहे' असे वाक्य डावीकडे दिसले की ते खोडून पलीकडे न्यावे. सार्त्र ज्याला आत्मवंचना म्हणतो ती हीच. डावी बाजू कोरी ठेवून 'काही झालेच नाही' म्हणणे हीसुद्धा आत्मवंचनाच, आणि सकारात्मक विचारांच्या नावाखाली ती सहज खपते म्हणून मला ती जास्त घातक वाटते.

वाचायची सुरुवात सार्त्रच्या 1943 च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या जाडजूड ग्रंथाने करू नये. वरचे व्याख्यान ('एक्झिस्टेन्शियालिझम इज अ ह्युमॅनिझम') एका बैठकीत वाचून होते. त्यानंतर फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारचे 1947 चे 'द एथिक्स ऑफ अँबिग्विटी' हे नीतिविषयक पुस्तक घ्यावे. इतरांनी बंद केलेल्या दारांचा दोष आत अडकलेल्याच्या माथी मारता येत नाही, हे तिथे नीट उलगडते. स्वतःला कोसत बसलेल्याला त्याचीच गरज असते. फ्रेंच लेखक आल्बेर कामूने अस्तित्ववादी हे बिरुद नाकारले होते. डोंगरावर शिळा पुन्हा पुन्हा ढकलत नेण्याची शिक्षा झालेल्या ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवरचा त्याचा 1942 चा निबंध 'सिसिफस सुखी आहे अशीच कल्पना करायला हवी' या शेवटच्या ओळीसाठी वाचला जातो, तो पहिल्या पानापासून वाचावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटावे. आणि जगणेच नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. नैराश्याच्या आजारावर हा कागद पुरत नाही.

— तत्त्वज्ञानाचा एक अभ्यासक