बाबा, अवस बघूनच तिकीट काढायलेय

प्रिय आई आणि बाबा,

शि. सा. न. (लिहायची सवय राहिली नाही पण पत्र म्हणलं की हात आपोआप तिकडंच जातो.)

फोनवर बोलायचं सोडून पत्र कशाला असं बाबा म्हणतीलच, तर त्याचं कारण बाबाच आहेत. अंदमानला जायचा विषय काढला की तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईकडं देता, आई "खर्च किती" एवढंच विचारते आणि मग विषय जातो तुरीवर नाहीतर शेजारच्यांच्या बोरला पाणी लागलं का त्याच्यावर. तीनदा झालं असं. म्हणून सगळं एकदाच लिहायलेय, दादाच्या फोनवर पाठवते, त्याला अक्षर मोठं करून द्यायला लावा आणि चष्मा लावून निवांत वाचा. मधेच कोणी आलं तर ठेवून द्या, पण पुन्हा घ्या वाचायला.

पहिले आईचं. आई, ती दक्षिण यात्रेची बस आठवते ना, कंपनीचं नाव घेत नाही पण त्यांनी बारा दिवसात एवढे देव दाखवले की तुला कुठला कुठं होता तेच आठवत नव्हतं, देवळात सात मिनिटं आणि बसमधे सात तास. कन्याकुमारीला पोचलात तेव्हा रात्र झाली होती आणि पहाटे चारला परत गाडीत बसवलं. घरी आल्यावर मी विचारलं समुद्र कसा होता, तर तू म्हणलीस, "बघितला नाही माय, नुसता आयकला." मी तेव्हा हसले. नंतर पुण्यात एकटी असताना ते वाक्य मला लई दिवस लागून राहिलं. बासष्ट वर्षांची बाई, समुद्राच्या काठावर जाऊन आली आणि समुद्र बघितला नाही. त्यावर बाबांचं म्हणणं असं की समुद्रच बघायचा तर अलिबाग हाय की, रातोरात येणं होतंय. होय, आहे. पण बाबा, झेडपीच्या शाळेत तुम्ही वेताच्या छडीनं नकाशावर उजवीकडं खाली ते तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे ठिपके दाखवायचात आणि म्हणायचात "हे पण भारतच आहे, पोरांहो", मी पहिल्या बाकावर होते. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ते ठिपके दाखवले, आता एकदा स्वतः बघा की. साडेपाचशेच्या वर बेटं आहेत तिथं आणि माणसं राहतात ती जेमतेम चाळीसभर, बाकी सगळं जंगल.

आता तारखेचं. इथंच खरी गंमत आहे आणि इथंच आई नाही म्हणणार हे मला माहितंय, म्हणून आधी शेवटपर्यंत वाचा. येळवस, म्हणजे आपली मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, सोडून मी तुम्हाला कुठंच नेणार नाही, भज्जी आणि आंबील खाल्ल्याशिवाय आपल्या घरचा माणूस गाव सोडत नाही हे मलाही कळतं, मी स्वतः येणार आहे. त्यानंतर तूर खळ्यावरून घरात येऊ द्या, संक्रांत होऊ द्या. मग येते पुढची अवस, पौषाची. आणि मला आपण त्या अवसेलाच तिथं असायला पाहिजे.

अवसेला कामून, तर ऐका. नील म्हणून एक बेट आहे, आता सरकारी नाव शहीद द्वीप. तिथं समुद्राच्या लाटांनी खडक खालून कोरून कोरून एक कमान झालीय, सगळे नॅचरल ब्रिज म्हणतात, तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. पण तिथपर्यंत चालत जायचं तर ओहोटीच पाहिजे, भरतीला वाट पाण्याखाली. आणि ओहोटी सगळ्यात खोल कधी जाते, तर अवस-पुनवेच्या आसपास, चंद्र-सूर्य एका रेषेत येतात म्हणून. हे मी तुम्हालाच शिकवायलेय बाबा, सहावीच्या भूगोलात तुम्हीच शिकवलंय उधाणाची भरती आणि भांगाची भरती. अष्टमीला गेलं तर पाणी धड आत नाही धड बाहेर. पाणी मागं सरलं की खडकात डबकी राहतात आणि त्यात छोटे मासे, खेकडे, जिवंत कोरल असं सगळं जागच्या जागी बघायला मिळतं, पोहायला येत नसलं तरी. दुसरं म्हणजे हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, काळोख्या रात्री पाणी हलवलं की पाण्यात निळा उजेड चमकतो, डोळ्याला न दिसणारे बारीक जीव असतात ते पाणी हललं की उजळतात. चांदणं असलं की ते कळत नाही, अंधार लागतो. दिसेलच असं नाही, नशिबाचा भाग आहे, पण पुनवेला गेलं तर नशिबाला पण चान्स नाही.

आई म्हणणार अवसेला घराबाहेर पडायचं नाही. बरं, पडू नको. द्वादशीला निघायचं, एकादशी तू घरीच सोड. द्वादशीला संध्याकाळी हैद्राबादला मुक्काम, मी तिथंच येते, त्रयोदशीला सकाळी विमान, अडीच तासाच्या आसपास लागतात. म्हणजे अवस येईल तेव्हा आपण आधीच बाहेर असू. आणि मला सांग, येळवस कधी असती? अवसेलाच ना? लक्ष्मीपूजन कधी? मग सगळं चांगलंचुंगलं आपण अवसेलाच करायचं आणि वर अवसेलाच नावं ठेवायची, हे काय बरोबर नाही.

तिथलं थोडक्यात सांगते. पोर्ट ब्लेअरला उतरायचं, 2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय पण सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. हे बाबांसाठी. 693 कोठड्या होत्या, सात लांबच लांब इमारती मधल्या मनोऱ्याला चाकाच्या आऱ्यासारख्या जोडलेल्या, त्यातल्या तीनच उरल्यात आता. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचं तोंड पण दिसू नये. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, 1911 ते 1921 ते तिथं होते, भाऊ बाबाराव पण त्याच जेलात. कोलूला जुंपून खोबऱ्याचं तेल काढायला लावायचे हे तुम्ही सांगताना वर्गात गडबड करणारी पोरं पण गप व्हायची. तो कोलू बघायला मिळतो. जिना चढावा लागंल, सावकाश चढू, मागं बस हॉर्न वाजवत उभी नसणार.

दुसऱ्या दिवशी माउंट हॅरिएट, त्याला आता माउंट मणिपूर म्हणतात कारण 1891 च्या लढाईनंतर मणिपूरच्या लोकांना तिथं आणून कैदेत ठेवलं होतं. जेमतेम पावणेचारशे मीटर उंच आहे आणि गाडी वरपर्यंत जाते. बाबा, आपल्या जुन्या लाल वीसच्या नोटेच्या मागं नारळाची झाडं आणि समुद्राचं चित्र होतं बघा, ते तिथूनच दिसतं. तुमच्या ट्रंकेत एखादी नोट असणारच, घेऊन या, तिथं उभं राहून नोट डोळ्यासमोर धरून बघू बरोबर आहे का. वरून पुढं जंगलातून पायवाट जाते काळापत्थरपर्यंत, साधारण दोन किलोमीटर. खरा ट्रेक पुढं लई लांब जातो तो आपल्याला करायचा नाही. उत्तरेला सॅडल पीक म्हणून 732 मीटरचं शिखर आहे, अंदमानातलं सगळ्यात उंच, मला लई मनात होतं पण ते पुढच्या जन्मी नाहीतर नवऱ्याला घेऊन.

डोंगर चढायला तिकडं कशाला जायचं हे पण बाबा म्हणणार. चढणारे तुम्ही नाहीच, आई आहे. आई दरसाली दिंडीत चालते आणि परत आल्यावर तिचे नाही तर आमचेच पाय दुखतात. हॅवलॉकला एलिफंट बीच आहे, त्याला एक वाट जंगलातून जाते, दोनेक किलोमीटर, मुळं आणि चिखल आहे, शेवटी खाडीच्या झाडातून जायचं. पूर्वी लाकडं ओढायला हत्ती होते तिथं म्हणून ते नाव. आई आणि मी चालत जाऊ, गाईड घेऊन, बाबा जेट्टीवरून बोटीनं या, वीस मिनिटात पोचताल आणि आमच्या आधी जाऊन सावलीत बसताल. गुडघ्याला पट्टा लावून "मी पण येतो" असलं काही करायचं नाही, मी आत्ताच सांगून ठेवते.

बाकी दिवस नुसते रिकामे ठेवलेत. राधानगर म्हणून बीच आहे तिथं दुपारी जाऊन बसायचं, वाळू मऊ आहे, पायाला टोचत नाही. आई, तिथं सूर्य आपल्याआधी तासभर मावळतो, घड्याळ आपलंच पण गाव लई पूर्वेला, त्यामुळं साडेपाचलाच दिवेलागण. आपल्याइकडं म्हशीची धार काढायची वेळ आणि तिकडं अंधार. नीलवर शेती पण आहे बाबा, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारनं जमीन देऊन वसवलंय, भाजीपाला तिथनं पोर्ट ब्लेअरला जातो. आणि तिथल्या बीचांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर! आई, म्हणजे वनवासाला आल्यासारखंच.

बारातांग म्हणून अजून एक बेट आहे, तिथं जायचं नाही हे मी ठरवलंय. त्या रस्त्यावर जारवा लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासींचं जंगल लागतं, पहाटे गाड्यांचा ताफा सोडतात आणि लोक गुहा बघायचं नाव करून खिडकीतून त्यांनाच शोधत बसतात. जत्रेतल्या पिंजऱ्यासारखं माणसाला बघायला मला नाही जमणार.

बाबांना भीती त्सुनामीची आहे हे दादानं सांगितलं. 2004 ला तिथं लई नुकसान झालं हे खरंच आहे, मी खोटं कशाला सांगू. पण बाबा, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला तेव्हा गणपती बुडवून आपण झोपलो होतो आपल्याच घरात, किल्लारीपासून एवढ्या जवळ, समुद्र शेकडो कोस लांब. मी पाच वर्षांची होते, मला फक्त एवढंच आठवतं की माळवदाची माती तोंडात गेली होती आणि आईनं मला पायाला धरून ओढलं. त्यानंतर किती महिने आपण पत्र्याखाली काढले. तरी तुम्ही त्याच गावात, त्याच जागेवर घर बांधलं ना परत? मग आठ दिवसासाठी समुद्राला एवढं कशाला भ्यायचं.

मगरीचं मात्र खरं आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात काही ठिकाणी, तिथं बोर्ड लावलेत, जिथं लोक आंघोळ करतात आणि लाइफगार्ड असतो तिथंच पाण्यात जायचं. आई, तुझ्यासाठी अजून एक, शिंपले, शंख, कोरलचा तुकडा काहीच उचलून आणायचा नाही, कायद्यानं बंदी आहे आणि विमानतळावर बॅग तपासतात. पैठणहून गोटा आणलास, आळंदीहून आणलास, देव्हाऱ्यात आता देवाला बसायला जागा नाही. हातात घेऊन बघ आणि परत ठेव.

जेवायचं म्हणशील तर भात-डाळ-भाजी सगळीकडं मिळते, माळकरी आहोत म्हणून सांगितलं की करून देतात, पण भाकरीची आशा ठेवू नको. धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, दशम्या कर, शेंगदाण्याची चटणी आणि येसर घे. बोटीत मळमळायला नको म्हणून गोळी आहे, अर्धा तास आधी घ्यायची, तरी आवळासुपारी ठेव जवळ. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दुप्पट घ्यायच्या, अर्ध्या माझ्या पर्समधे, अर्ध्या तुझ्या पिशवीत, एक बॅग हरवली तरी चालंल असं.

खर्च विचारू नका. विचारलं तरी मी सांगणार नाही आणि दादाला पण माहीत नाही. तुमचे बियाणाचे आणि खताचे पैसे तसेच राहू द्या.

आता कामं. बाबा, खुंटीवरचं कालनिर्णय काढा, पुढच्या वर्षीचं आलं असंल तर तेच, आणि पौषातली वद्य द्वादशी कुठल्या तारखेला येते आणि अवस कधी लागते ते तुमच्या हातानं बघून मला कळवा. मी बघितलंय, पण तुम्ही सांगितल्याशिवाय तिकीट काढत नाही. दोघांच्या आधारकार्डाचा फोटो दादाला नीट उजेडात काढायला सांगा, मागच्या वेळी आईचा अर्धा चेहरा अंगठ्याखाली होता.

आणि आई, मागच्या दिवाळीला आणलेले ते बूट. चपलेवर त्या कमानीपर्यंत जाता येणार नाही, खडक धारदार आणि शेवाळलेला असतो. महिनाभर रोज शेतापर्यंत ते घालून चाल म्हणजे पायाला बसतील. गावातल्या बाया हसल्या तर हसू दे. दादानं मला फोटो पाठवलाय, बूट माळ्यावर पिशवीत आहेत आणि त्यांच्या खोक्यात तू लाईटबिलं ठेवलीस. बिलं दुसरीकडं ठेव, खोकं लागणार नाही, बूट खाली काढ.

तुमची,
थोरली