पाण्याचा दाब पुरेसा असताना 'दाब कमी' ठरवून डिशवॉशरची तक्रार बंद केल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय: वॉरंटीतील डिशवॉशरमध्ये पाणी न भरणे, तक्रार न सोडवता बंद करणे आणि घेतलेले ५९० रुपये परत मिळणे

महोदय,

दिवाळीच्या आधी बेळगावातल्या दुकानातून आम्ही तुमच्या कंपनीचा डिशवॉशर घेतला. वॉरंटी दोन वर्षांची आहे. गेले तीन आठवडे त्यात पाणीच भरत नाही. तुमचा तंत्रज्ञ एकदा येऊन ५९० रुपये घेऊन गेला, मशीन आहे तसंच बंद आहे आणि तुमच्या नोंदीत मात्र तक्रार 'सोडवली' म्हणून बंद झाली आहे. कारण लिहिलंय, 'ग्राहकाकडे पाण्याचा दाब कमी'. हे कारण चुकीचं आहे. का चुकीचं, ते मोजून पाहिल्यावरच हे पत्र लिहायला बसले आहे.

आधी मशीन काय करतं ते सांगते. बटण दाबलं की आतलं उरलंसुरलं पाणी उपसल्याचा आवाज येतो. तो थांबला की पूर्वी मागच्या बाजूने, अगदी खालून, 'टक्' असा बारीक आवाज यायचा आणि लगेच पाणी आत पडू लागायचं. आता तो टक् येतच नाही. पंखा बंद करून, मशीनला कान लावून दोन-तीनदा ऐकलं. चार-पाच मिनिटं सगळं शांत, मग वरचं नळाचं चिन्ह लुकलुकायला लागतं.

तंत्रज्ञाने ओट्यावरचा नळ सोडला, धार पाहिली आणि 'प्रेशर नाही, पंप बसवून घ्या' असं सांगितलं. त्या नळाच्या तोंडाला आम्ही पाणी वाचवायची जाळी लावली आहे, तिथे धार बारीकच येणार. मशीनचा नळ वेगळा आहे, ओट्याच्या खाली. तो त्याने सोडून पाहिलाच नाही. त्या दिवशी शहराच्या पुरवठ्याचं नळाला पाणी आलेलं नव्हतं, हेही त्याने कारणात धरलं. आमचं घर टिळकवाडीत. इथल्या कितीतरी घरांसारखा आमच्याकडेही खाली हौद आणि गच्चीवर टाकी आहे. पाणी राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, ते आधी हौदात पडतं, मोटारीने टाकीत चढतं आणि टाकीतून स्वयंपाकघरात येतं. नळाला पाणी कधी येतं याचा मशीनला मिळणाऱ्या दाबाशी काही संबंध नाही.

टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंतची उंची मुलाने गच्चीवरून दोरी सोडून मोजली. साडेसात मीटर भरली. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार होतो, म्हणजे आमच्याकडे जवळपास पाऊण बार दाब आहे. तुमच्याच पुस्तिकेत किमान ०.५ बार लागतो असं छापलंय. त्यावरही थांबले नाही. नळीचं मशीनकडचं टोक सोडून बादलीत धरलं, तर १० लिटरची बादली ४६ सेकंदांत भरली. एवढं पाणी मशीनच्या तोंडापर्यंत येऊन पोचतंय.

मला स्वतःला पहिला संशय आला तो नळी जोडतो तिथल्या बारीक जाळीचा. उन्हाळ्यात आमच्या टाकीत विहिरीचं पाणी मिसळतं आणि इथली माती तांबडी. जाळी पक्कडीने अलगद ओढून काढली, तर निम्म्याहून अधिक भोकं तांबूस गाळाने बुजलेली. दात घासायच्या जुन्या ब्रशने धुतली, खिडकीपाशी उजेडात धरून आरपार पाहिली आणि परत बसवली. तरी काही फरक पडला नाही. पण ही जाळी काढायला दोन मिनिटं लागतात आणि तुमच्या माणसाने ती काढली नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. मशीन बसवताना इथलं पाणी पाहून नळाला एखादा फिल्टर लावायलाही कोणी सुचवलं नव्हतं.

नळीला कुठे पीळ नाही. आतल्या तळाची, पाणी जास्त झालं तर भरणं थांबवणारी फ्लोटची टोपी सहज वरखाली होते. शेवटी मशीनचा उपसा थांबल्यावर दार उघडून तांब्याने तीन लिटर पाणी आत ओतलं आणि दार लावलं. थोड्याच वेळात फवारे फिरल्याचा आवाज आला आणि भांडी धुतली जाऊ लागली. पुढचं पाणी घ्यायची वेळ आली तेव्हा मशीन पुन्हा अडलं. म्हणजे धुण्याचा पंप चालतोय, दारही नीट लागतंय. दोष पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे, नाहीतर त्याला वीज देणाऱ्या बोर्डात. दोन्हींपैकी कुठे, ते मीटर लावल्यावरच कळेल. वॉरंटी जाईल म्हणून मागचं झाकण मी उघडलेलं नाही.

तंत्रज्ञ हुबळीहून आला होता. वागायला चांगला होता, आम्ही त्याच्याशी कन्नडमध्येच बोललो, तेव्हा भाषेमुळे गैरसमज झाला असंही नाही. त्याच्या पिशवीत मल्टिमीटर नव्हता आणि त्याला त्याच दिवशी आणखी चार ठिकाणी जायचं होतं. माझा राग त्याच्यावर नाही. निघताना त्याने 'भेटीची नोंद करायला' म्हणून मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला. सासूबाईंनी विश्वासाने वाचून दाखवला. दहा मिनिटांत तक्रार निवारण झाल्याचा मेसेज आला. ओटीपी दिला की तक्रार बंद होते, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. सत्तर वर्षांच्या बाईकडून अशी संमती घेणं मला अजिबात पटलेलं नाही.

हे मशीन आम्ही हौस म्हणून घेतलेलं नाही. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, पाण्यात हात घातला की सांधे सुजतात. मी सकाळी आठला कामावर जाते. तीन आठवडे सात माणसांची पातेली, कुकर, तवे पुन्हा त्याच घासताहेत. मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

तेव्हा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी आणि 'दाब कमी' हा शेरा काढून टाकावा, कारण तो राहिला तर वॉरंटीत पुढेही माझ्यावरच ढकललं जाईल. व्हॉल्व्ह किंवा बोर्ड, जे बिघडलं असेल ते विनामूल्य बदलून द्यावं. ५९० रुपये परत करावेत. यापुढे ओटीपी मागताना तो कशासाठी आहे ते त्याच मेसेजमध्ये, ग्राहकाला समजेल त्या भाषेत लिहावं. पावती, बादलीचा व्हिडिओ, जाळीचे फोटो आणि पुस्तिकेतलं दाबाचं पान सोबत जोडलं आहे.

दहा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच दाद मागता येते.

तंत्रज्ञ पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा. शनिवारी दुपारी दोननंतर किंवा रविवारी मी घरी असते. त्याच्याबरोबर मल्टिमीटर आणि या मॉडेलचा व्हॉल्व्ह द्यावा, म्हणजे त्याला हुबळीहून दुसरा हेलपाटा पडणार नाही.

आपली ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव
(नाव व मशीनचा क्रमांक सोबतच्या पावतीवर)