सड्यावरचं गवत महिनाभर आधी कापायला हवं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात चाराटंचाईच्या बातम्या येतात त्या घाटावरच्या. छावण्या, उसाचं वाढं, कडब्याचे भाव. कोकणाचं नाव त्यात कधी नसतं. जिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे गुरांना काय कमी, असंच सगळ्यांना वाटतं. मी राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळाच्या, कडेला असलेल्या वाडीत राहते. गोठ्यात दोन गाई, एक म्हैस, एक पाडी आणि सात शेळ्या आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे ३१ वर्षं, गुरांचं आंबोण (पेंड-भरडा भिजवून केलेला खुराक) कालवते आहे. आमच्याकडे गवत उदंड आहे, तरी शिमगा आला की गुरांच्या बरगड्या मोजाव्यात अशी स्थिती होते. हे का होतं ते लिहिते आहे. मोठं झालं तर क्षमा असावी, पण कापून छापू नये ही विनंती.

गणपतीत सडा हिरवागार असतो. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतं आणि गवताला तुरे येतात. तेव्हा काडी वाकवली तर वाकते, तुटत नाही, दाताखाली धरली तर गोडसर लागते. गुरांना घालायचं गवत ते हेच. पण त्या दिवसांत कोणी तिकडे विळा घेऊन फिरकत नाही. हळवं भात कापणीला आलेलं असतं, दुपारनंतर पाऊस ठरलेला आणि माणूस मिळत नाही. मग भात घरात येतं, झोडणी होते, दिवाळी होते आणि स्वाती-विशाखात आम्ही सड्यावर चढतो. तोवर बी झडलेलं, पान करपलेलं आणि काडी खराट्यासारखी. त्याचे भारे बांधतो, खळ्यात उडव्या, म्हणजे गवताच्या गंजी, रचतो. उडवी भरलेली दिसली की मनाला बरं वाटतं, पण तिच्यात सत्त्व फारसं उरलेलं नसतं.

आमच्या पशुवैद्यांनी मला हे एकदा नीट समजावून सांगितलं. गाय चारा स्वतः पचवत नाही, तिच्या पोटातले जीवाणू तो पचवतात. त्या जीवाणूंना नीट काम करायचं तर चाऱ्यात सातेक टक्के प्रथिनं लागतात. भाताच्या पेंढ्यात ती जेमतेम तीन-चार टक्के. उशिरा कापलेलं गवत त्याच पंगतीतलं. म्हणजे गव्हाण भरलेली आहे, गाय रवंथ करते आहे, पोट तट्ट आहे, आणि तरी ती उपाशी आहे. माझ्या गाई भिंत चाटायच्या, सापडलं तर हाडूक चघळायच्या. मला ती खोड वाटायची. जांभ्याच्या जमिनीतले क्षार पावसाने धुऊन जातात, गवतात ते येणार कुठून? रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण आंबोणात घालायला लागले आणि दीड-दोन महिन्यांत भिंत चाटणं थांबलं.

चाऱ्यातली ही तूट आम्ही पोत्यांनी भरून काढतो. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, सगळं घाटावरून येतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानातून मी शेंगदाणा पेंडीचं पोतं आणलं. पोत्यावर तारीख नव्हती, मीही विचारली नाही. पडवीत भिंतीला टेकून ठेवलं. दहा-बारा दिवसांनी ढेप फोडली तर आत हिरवट-करडी बुरशी, हाताला ऊब लागत होती. पैसे दिलेले, टाकवेना. वरवरचं खरवडलं आणि उरलेलं भिजत घातलं. चांदी माझी दुसऱ्या वेताची गाय, तेव्हा पाच लिटर देत होती. आठवड्यात तिने आंबोणाला तोंड लावणं सोडलं, दूध दोन लिटरवर आलं. औषधपाणी केलं, ती वाचली, पण ते वेत हातचं गेलं. डॉक्टर म्हणाले, बुरशीचं विष खरवडून जात नाही, ते पार आत मुरलेलं असतं, आणि गाईच्या पोटातून दुधात उतरतं. अफलाटॉक्सिन त्याचं नाव. दुधात ते किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या वर असता कामा नये असा नियम आहे, आणि दूध उकळलं तरी ते जात नाही. माझी नातवंडं त्या आठ दिवसांत तेच दूध प्यायली. हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

तेव्हापासून पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणते, दुकानात पोतं उघडायला लावून वास घेते आणि घरी भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर ठेवते.

आणि तेव्हापासूनच गवताचा विचार बदलला. हस्तात कापलेलं गवत वाळत नाही ही अडचण खरी आहे. पण वाळवायलाच हवं असं कुठे आहे? ते मुरवता येतं. आता माझी रीत अशी. सकाळी तुऱ्यावरचं गवत कापायचं, पडवीत दोन-तीन तास पसरून सुकत ठेवायचं आणि कडबाकुट्टीत बोटाच्या एका पेरापेक्षा बारीक करायचं. कुट्टी मुठीत घट्ट आवळून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर बरोबर. बोटांतून पाणी निघालं तर अजून सुकू द्यायचं. सड्याच्या गवतात मक्यासारखी साखर नसते, म्हणून शंभर किलोला दोनेक किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून शिंपडते. मग पट्टीच्या झाकणाच्या निळ्या ड्रममध्ये वीतभर थर घालून पायाने तुडवायचा, पुन्हा थर, पुन्हा तुडवायचं. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये शंभरेक किलो बसतं. आत हवा राहिली की नासलंच. पहिल्या वर्षी माझा एक ड्रम झाकण सैल राहून गेला, उघडला तेव्हा काळा चिखल. बाकीचे पंचेचाळीस दिवसांनी उघडले तर पिवळसर हिरवा रंग आणि कैरीच्या लोणच्यासारखा आंबट वास. चांदीने पहिल्या दिवशी नुसतं हुंगलं, तिसऱ्या दिवशी गव्हाणीचा तळ चाटत होती.

गेल्या वर्षी मी आठ ड्रम भरले. आठ ड्रमांनी उन्हाळा निघत नाही, हे कबूल. पण पेंढ्याबरोबर प्रत्येक दुभत्या जनावराला रोज चार-पाच किलो मिळालं, तर फेब्रुवारी-मार्चचे सगळ्यांत वाईट दिवस बऱ्यापैकी सुसह्य होतात. पेंडीचं एक पोतं कमी लागलं. दूध होळीपर्यंत अर्ध्यावर येतं ते या वेळी पाऊण-एक लिटरनेच उतरलं.

आपल्याकडे होणाऱ्या आणि फुकट जाणाऱ्या वस्तूंकडेही बघायला हवं. कुळीथ झोडल्यावर भुसा शेतातच राहतो किंवा पेटवला जातो. तो द्विदल पिकाचा, पेंढ्याहून कितीतरी सकस. नाचणीचा पेंढा भाताच्या पेंढ्यापेक्षा चांगला, जनावरं तो निवडून खातात. गिरणीतला कोंडा ताजा असेल तर उत्तम, आठवडाभर ठेवला की तेलाने खवट होतो. शेळ्यांना फणसाचा पाला आणि कुंपणावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला. न्हाणीच्या पाण्यावर मी गुंठाभर संकरित नेपियर गवत लावलं आहे, पहिली कापणी दोन महिन्यांनी आणि पुढे दर दीड महिन्याला, छातीच्या वर जाऊ द्यायचं नाही. फणसाची चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेली सालं, मात्र बेताने, पिकलेला फणस पोटभर खाल्लेली गाय फुगते, हे वाडीत दोनदा पाहिलं आहे.

पेंढा सकस व्हावा म्हणून त्याला युरियाची प्रक्रिया करा असं सांगतात. ती मी करते, पण जपून: १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळलेला, २१ दिवस ताडपत्रीखाली घट्ट झाकून, आणि घालण्याआधी काही तास मोकळा पसरून. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही. मापाचा अंदाज घ्यायचा हा विषय नव्हे, युरियाने जनावर तासाभरात जातं.

एका योजनेतून आमच्या वाडीला लसूणघास या चाऱ्याच्या पिकाचं बी वाटण्यात आलं होतं. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण आमच्या आम्लधर्मी जांभ्याच्या मातीत आणि या पावसात ते कुजून गेलं. स्टायलो (चाऱ्याचं एक द्विदल पीक) किंवा चवळीचं बी दिलं असतं तर जगलं असतं. कडबाकुट्टी यंत्रं आली ती मार्चमध्ये, तेव्हा सड्यावर कापायला काही नव्हतं. तीच यंत्रं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार घरांना मिळून एक अशी आली तर हे चित्र बदलेल. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, कोकण कपिला या आपल्या गाईची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. त्या गाईने वर्षभर काय खायचं याचं आपल्या मुलखाचं, नक्षत्रांप्रमाणे लिहिलेलं पत्रक प्रत्येक वाडीत का नसावं? शिवाय न कापलेल्या गवताचं पुढे काय होतं तेही आपण बघतो. वणवा लागतो आणि दुसऱ्याची आंब्याची कलमं जळतात.

मोहोराच्या दिवसांत आपण आंब्याच्या फवारणीचा सल्ला छापता. तसाच सप्टेंबरच्या अखेरीस चार ओळींचा चाऱ्याचा सल्ला छापावा: गवत तुऱ्यावर आहे, आता कापा. भात पडायला आलंय आणि तू गवत कसलं कापतेस, असं मला शेजारचे आबा दरवर्षी विचारतात. पेपरात आलं तर ते ऐकतील.

यंदा वाडीतली आणखी तीन घरं माझ्याबरोबर ड्रम भरणार आहेत. आपल्या वार्ताहरांना पाठवलंत तर सगळं दाखवीन. सकाळी आठच्या आत यावं. दुपारी पाऊस धरतो, त्याआधी झाकणं लागायला हवीत.

आपली नियमित वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी